शेंड्याची ओढ

१

त्या दिवशी आभाळ असं खाली उतरलं होतं, की कोणी ओलं घोंगडं गावावर वाळत घालून न्यायचं विसरून गेला असावा. पाऊस नाही, ऊन नाही, वारा तर नावालाही नाही. चुलींचा धूर वर जायचं सोडून टिनांवरून घरंगळत खाली यायचा आणि अंगणातच बसून राहायचा. राखेत निजलेलं कुत्रं दिवस वर आला तरी उठलं नव्हतं. दिवस वर आला हे त्याला कळणार तरी कसं.

घनश्याम ओट्यावर बसून दात घासत वर पाहत होता. सत्तरी ओलांडलेला माणूस. शाळेचं तोंड त्यानं पाहिलं नव्हतं, आभाळाचं मात्र रोज पाहिलं होतं. पौषात असं आभाळ आलं, की हरभऱ्यात अळी पडते. हे सांगायला पुस्तक लागत नाही.

"अजून दोन रोज असं राह्यलं तं घाटे आपल्या आंधी अळी खाते," तो म्हणाला.

विमलताई, त्याची बायको, अंगण झाडत होती. झाडू न थांबवता म्हणाली, "तिले तरी भूक लागते. तुमचं रातचं ताट अर्ध तसंच होतं."

तेवढ्यात गावातल्या कृषी सहायक अर्पिता मॅडमची स्कुटी फाट्यावर वाजली आणि घनश्याम चूळ भरून वावराकडे निघाला. मॅडमनं मागं अळीवरच्या औषधाची एक बाटली दिली होती, ती त्यानं धुऱ्याजवळच्या, बांधालगतच्या एका तुकड्यावर मारून पाहिली होती. तिचा गुण काय येतो, ते आज पाहायचं होतं.

धुऱ्यापलीकडचं वावर शंकरसिंगचं. हा तांड्यावरचा माणूस, घनश्यामच्याच वयाचा. वावराला वावर लागून आणि बोलण्याला बोलणं लागून दोघांचं आयुष्य गेलेलं. शंकरसिंगचा उजवा गुडघा कामातून गेला होता. देवळाच्या पायऱ्याही तो चढत नसे. खालूनच हात जोडायचा आणि म्हणायचा, तुले गरज असन तं तूच खाली ये. आज तो काठी टेकवत आधीच येऊन उभा होता.

"हे पाहा बाबा," मॅडम वाकून म्हणाल्या.

हरभऱ्याच्या झाडांच्या अगदी शेंड्यांवर अळ्या लटकत होत्या. मागच्या पायांनी शेंडा घट्ट धरलेला, डोकं खाली. अंग काळं पडलेलं, ढिलं झालेलं. मॅडमनं काडी लावली तशी एक फुटली आणि तिचं नुसतं पाणी झालं. पाणी ठिबकून खालच्या पानावर पडलं.

"बाटलीत विषाणू होता, त्यानं हे केलं," मॅडम म्हणाल्या.

"म्हंजे करोनाचा भाऊ," घनश्याम म्हणाला.

"भाऊ नाही बाबा, फार तर गाववाला. हा फक्त घाटेअळीला धरतो. माणसाला नाही, गाईला नाही, मधमाशीलाही नाही."

"आन ही मराले शेंड्यावर कायले आली?" शंकरसिंगनं विचारलं. "खाली जागा नव्हती?"

"तोच चढवतो तिला. वर जाऊन मेली की तिचं पाणी खालच्या पानांवर ठिबकतं, ती पानं खालच्या अळ्या खातात. मग त्या चढतात."

घनश्याम बराच वेळ त्या अळीकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "तिले समजत असन का, मॅडम? का आपल्याले कोनी चढवून राह्यलं म्हून?"

मॅडमला हसू आलं. "नसेल कळत. तिला वाटत असेल, आज जरा वर बसावं, वारा बरा लागतो." मग त्या म्हणाल्या, "विषाणूला इतकं भिऊ नका. मातीत आहेत, पाण्यात आहेत, आपल्या पोटातसुद्धा कोट्यवधी आहेत. बरेचसे आपल्या कामाचेच. आपण त्यांना घेऊनच हिंडतो."

घनश्यामनं आपल्या पोटाकडे पाहिलं. "बाप्पा. आपन त्याईले घेऊन हिंडतो, का थे आपल्याले?"

"तुमाले घेऊन कोन हिंडते, भाऊ," शंकरसिंग म्हणाला. "वजन पाहा तुमचं."

२

दुसरी बाटली विकत आणायची गरज नव्हती, हीच तर यातली मजा. मेलेल्या अळ्या वेचायच्या, पाण्यात ठेचायच्या, फडक्यातून गाळायच्या. अळीनं आवडीनं खावं म्हणून त्यात गूळ घालायचा. फवारताना शेवटी कपड्याची नीळ टाकायची, कारण या रोगाला ऊन सोसत नाही. आणि फवारायचं दिवस कलल्यावर. तोवर द्रव गार, अंधाऱ्या जागी ठेवायचा. घनश्यामला हे सगळं फार आवडलं. ऊन लागू नये म्हणून निळीचं पांघरूण, तोंड गोड करायला गूळ. लेकीच्या बाळंतपणातही एवढी उस्तवार झाली नव्हती.

अडचण एकच होती. विमलताईनं सकाळीच बजावलं होतं, "मेलेल्या अळ्या माह्या घरात आनाच्या नाही. दुपारून हळदीकुंकू आहे. बाया येतीन."

घनश्याम "बरं" म्हणाला. त्यानं गोठ्यात बसून अळ्या ठेचल्या, जुन्या धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळल्या, गूळ विरघळवला. सगळं मन लावून, सावकाश. पण गोठ्यात ना गारवा होता, ना अंधार. साऱ्या घरात गार आणि अंधारी जागा एकच, सैपाकघरात माठाच्या खाली. विमलताई शेण काढायला गेलेली पाहून त्यानं झाकण घातलेला गंज, म्हणजे ते उभट पातेलं, आत नेऊन तिथं सरकवला. स्टीलचा गंज, घाटंजीच्या बाजारातून जोडीनं घेतलेल्या दोहोंतला एक.

माठाखाली दुसरा गंज आधीच ठेवलेला होता. त्याच्या मागच्या बाजूला, तसाच, झाकलेला. घनश्यामनं तो पाहिला नाही. तिथं अंधार होता, आणि अंधार होता म्हणूनच तर तो तिथं आला होता.

दुपार कलली तशा बाया येऊ लागल्या. घर हळदीच्या वासानं आणि बोलण्यानं भरून गेलं. अशा वेळी पुरुषानं आत जाऊ नये, हे घनश्यामला ठाऊक होतं. तो मागच्या दारानं चोरासारखा शिरला, माठाखाली हात घातला, हाताला आला तो गंज उचलला आणि वावर गाठलं. नीळ टाकली, पंप पाठीवर घेतला आणि अंधारून येईपर्यंत ओळीमागून ओळ फवारत गेला. फवाऱ्याला गुळाचा वास येत होता. त्याचं मन अगदी शांत होतं.

३

वावरातून परत येताना शंकरसिंग सोबत होता. बाया परतून गेल्या होत्या. मोरीत कपबशांचा ढीग पडला होता. दोघं ओट्यावर टेकले. विमलताईनं आतून दोन कप आणून दिले, काळा चहा, गुळाचा.

शंकरसिंगनं बशीत ओतून घोट घेतला. थांबला. पुन्हा घेतला.

"विमलताई, चहात आज काय टाकलं?"

"आलं टाकलं. गवती चहा टाकला. काहून?"

"नाही, काही येगळीच चव हाय. बरी हाय." त्यानं बशी चाटून पुसून ठेवली. "अजून असन तं द्या."

घनश्यामनंही दुसरा कप घेतला. त्याला ती चव कुठंतरी ओळखीची वाटली. म्हणजे जिभेला नाही, नाकाला. पण दिवसभर वाकून कंबर भरून आली होती, आणि दमलेल्या माणसाला गरम चहा मिळाला की तो नाकाशी वाद घालत नाही.

जाताना शंकरसिंगनं एकदा वर पाहिलं. टिनाच्या कडेकडे, उगाच. मग काठी उचलून तांड्याची वाट धरली.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी घनश्याम हरभऱ्यात शिरला आणि उभ्याचा उभाच राहिला.

वावरभर मुंग्या. शेंड्याशेंड्यावर काळ्या मुंग्यांच्या रांगा, कोणाच्या लग्नाला चालल्यासारख्या. आणि त्यांच्या मध्ये हिरव्यागार, गुबगुबीत अळ्या, पानावरची गोडी चाटत असलेल्या. एकही चढत नव्हती. चढायचं कारणच काय होतं त्यांना. खालीच पाहुणचार चालला होता.

त्यानं पान तोडून जिभेला लावलं. गूळ. निव्वळ गूळ.

तो घरी आला. मोरीजवळ दोन्ही गंज घासून पालथे घातलेले होते.

"विमल," तो म्हणाला, "माठाखाली गंज होता."

"दोन होते. एक तुमी नेला, न इचारता. दुसऱ्याचा चहा केला." ती कणिक मळत होती. "गूळ भिजवून ठेवलता मी चहासाठी. काहून, काय झालं?"

घनश्यामच्या डोक्यात एकेक गोष्ट सावकाश जागेवर बसली, बैल गोठ्यात येऊन आपापल्या खुंट्याला उभे राहतात तशी. गुळाचं पाणी वावरात गेलं. मग वावराचं पाणी कुठं गेलं? हळदीकुंकवाला. बायांच्या पोटात. विमलच्या पोटात.

"काही नाही," तो म्हणाला.

आता सांगून टाकायला काय हरकत होती? हरकत ही, की तिनं नको म्हटलं होतं आणि यानं आणलं होतं. आणि गावातल्या अर्ध्या बायांना मेलेल्या अळ्यांचा चहा पाजला हे ज्या घरात उघड होईल, त्या घरात त्यानंतर पाणी प्यायलाही कोणी येणार नव्हतं. शिवाय सांगून ते पोटातून निघणार थोडंच होतं.

तो गोठ्यामागं गेला आणि अर्पिता मॅडमला फोन लावला.

"मॅडम, थे अळीचं पानी... समजा म्हशीनं पेलं तं?"

"काही होत नाही, बाबा."

"एक गंजभर पेलं तं?"

"तरी नाही. सांगितलं ना, तो फक्त त्या अळीला धरतो."

घनश्यामनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "आन उकळून पेलं तं?"

"बाबा, म्हैस उकळून कशी पिईल?"

"नाही, सहज इचारलं," म्हणून त्यानं फोन ठेवला. मन हलकं झालं. शिकलेली पोरगी होती, खोटं कशाला बोलेल. त्यात उकळलेलं. उकळल्यावर काय उरतं?

मग त्याला आठवलं, की म्हैस कधी झाडावर चढली, तर ती विषाणूनं चढली की आपल्या मनानं, हे मॅडमना तरी कसं समजणार. म्हैस काही सांगायला येणार नव्हती.

५

त्यानंतर त्याला जिकडं तिकडं बाया वर चढताना दिसू लागल्या.

शेजारची कांताबाई सकाळीच स्लॅबवर उभी होती. घनश्यामला ओट्यावरून नीट दिसेना, म्हणून तो अंगणातल्या बैलबंडीवर चढून उभा राहिला.

"कांताबाई, वर काय करून राह्यली?"

"वड्या घालून राह्यली, भाऊजी. तुमी बंडीवर काय करून राह्यले?"

"जू पाहून राह्यलो," घनश्याम म्हणाला. जू खाली होतं.

वड्या. ठीक आहे, बायका वड्या घालतातच. पण आभाळ भरलेलं असताना? ऊन नाही तर वड्या वाळतात कशा? तो बंडीवर बराच वेळ उभा राहून याचा विचार करत होता. बंडीवरून विचारही जरा मोकळा होतो, असं त्याच्या ध्यानात आलं.

दुपारी हातपंपावर चार-पाच जणी हंडे घेऊन उभ्या होत्या, आणि सगळ्या जणी माना वर करून निंबाच्या शेंड्याकडे पाहत होत्या. एकीचा हंडा भरून वाहत होता.

"काय हाय वर?" घनश्यामनं विचारलं.

"वांदरू."

त्यानं डोळ्यांवर हात धरून पाहिलं. निंब पानापानापर्यंत स्थिर होता. माकड हललं असतं तर फांदी हलली असती. "कुठं हाय?"

"होतं आताच," एक जण म्हणाली, आणि सगळ्या जणी एकदम खाली पाहून आपापल्या हंड्याला लागल्या.

आता वांदरू बसतं आणि जातं, त्यात नवल ते काय. घनश्यामनं स्वतःला हे दोनदा समजावलं. संध्याकाळी शंकरसिंग भेटला तेव्हा त्यानं आडून आडून विचारलं, "बायामानसं आजकाल लय वर चढून राह्यले, नाही?"

"चढू द्या की," शंकरसिंग म्हणाला. "मोबाईलले रेंज खाली कुठं भेटते?" तो बोलत होता घनश्यामशी, पण नजर त्याच्या डोक्यावरून कुठंतरी गेलेली होती. "भाऊ, तुमच्या वावरातल्या मोहाची उंची किती असन हो?"

"काहून?"

"काही नाही. लहानपनी चढलो होतो एकदा. आठवलं."

घनश्यामनं त्याकडे लक्ष दिलं नाही. त्याचा जीव सगळा बायकोत अडकला होता. आपणही दोन कप प्यालो, हे त्याच्या मनाला एकदाही शिवलं नाही. बायकोच्या काळजीत पडलेल्या माणसाला स्वतःची आठवण सगळ्यात शेवटी होते, आणि बहुधा ती दुसऱ्यानंच करून द्यावी लागते.

६

त्या सांजेला तो सैपाकघरात एकटा बसला होता. दिवा लावायचा होता. चुलीतला विस्तव राखेआड गेला होता, आणि माठाखालच्या अंधाराकडे तो मुद्दामच पाहत नव्हता.

डोक्यावर टिन वाजलं.

हळूच, मऊ. कोणी पाऊल ठेवावं आणि ते उचलावं की नाही याचा विचार करत राहावं, तसं. मग थोडं वर. मग पुन्हा काही नाही. मांजर असेल, तो म्हणाला. पण मांजर त्याच्या पायाशी बसलं होतं, आणि तेही वरच पाहत होतं.

"विमल," त्यानं हाक मारली. घरात कोणी ओ दिली नाही.

तो बाहेर धावला. विमलताई शिडीच्या मधल्या पायरीवर उभी होती, एक हात टिनाच्या कडेला, चेहरा वर.

"कुठं चालली?"

"वालाच्या शेंगा काढाले. येल वरतं गेला ना." ती शांतपणे म्हणाली. "वरतं काही वाजून राह्यलं होतं, म्हून थांबली."

"मग पिशवी कुठं हाय?"

"पदर हाय ना."

"उतर खाली."

"अवो, भाजीले काय टाकू मग?"

"भाजी नाही लागत. उतर म्हनतो ना."

चाळीस-पन्नास वर्षांच्या संसारात त्यानं या आवाजात तिला काही सांगितलं नव्हतं. ती उतरली, त्याच्याकडे पाहतच. ती आत गेल्यावर घनश्यामनं ठरवलं, वर असं आहे तरी काय, ते एकदा पाहून यावं. तिनंच शंभरदा चढावं आणि आपण खालूनच भ्यावं, हे बरं नाही.

तो वर गेला. टिनावर काहीच नव्हतं. वालाचा वेल होता, जुनं टायर होतं. गावातली टिनं, स्लॅब, देवळाचा कळस सगळं एका पातळीत आल्यासारखं दिसत होतं. वारा बरा लागत होता. तो तिथं टेकला. जेवायला हाक आली, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की विमलताई दुसऱ्यांदा हाक मारते आहे, आणि पहिली हाक त्याला ऐकूच आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे झुंजुमुंजू होताच त्यानं घरातली एकुलती एक शिडी खांद्यावर घेतली. शिडीच नसली तर विमल चढणार कशावर? गावात कुठं ठेवावी तर कोणीतरी परत आणून देईल. गाव चांगलं आहे, हीच अडचण. म्हणून तो ती थेट वावरात घेऊन गेला आणि मोहाच्या झाडाला टेकवून ठेवली.

७

धुई इतकी दाट होती, की मोहाचं खोड दिसत होतं आणि मोह दिसत नव्हता. हरभरा पायाला ओला लागत होता. घनश्याम माघारी वळला, दहाएक पावलं गेला, आणि त्याला वाटलं, गावात या वेळी कोणी चढलं तर? इथून कसं कळणार? वरून दिसलं असतं.

शिडी तर होतीच.

मोहाच्या बेचक्यात रानडुकरं हाकायचं जुनं मचाण होतं. तो त्यावर चढून बसला. धुईच्या वर गावातली घरं पाण्यात बुडाल्यासारखी माथ्यापुरती दिसत होती. आणि माथ्यांवर काहीतरी होतं. घराघरावर, उभं. हलत नव्हतं. वाळत घातलेल्या गोधड्या असतील, तो म्हणाला. पण धुईत गोधड्या कोण वाळत घालतं? त्यानं मोजायचा प्रयत्न केला, तेवढ्यात धुई सरकली आणि सगळं पांढरं झालं. मचाणावरून नीट दिसत नव्हतं, म्हणून तो वरच्या फांदीवर गेला. तिथून पानं आड येत होती, म्हणून त्याच्याही वर.

धुई निवळली तेव्हा गोधड्या म्हणा, जे काही होतं ते, छतांवर नव्हतं. आणि झाडाखाली आवाज येत होते.

विमलताई होती, हातात डबा. कांताबाई होती. शंकरसिंग काठीवर रेलून उभा होता. आणखी चार जण. सगळ्यांची तोंडं वर.

"अवो," विमलताई म्हणाली, "डबा घेऊन आली तं शिडी इथं आन तुमी वरतं. काय करून राह्यले?"

घनश्यामला तिला खाली पाहून एवढं बरं वाटलं, की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ती खाली होती. जमिनीवर, चपला घालून. आता मनात ठेवून काय करायचं होतं. त्यानं झाडावरूनच सगळं सांगून टाकलं. गंज, अळ्या, मुंग्या, चहा. सावकाश, काही न गाळता.

कांताबाईनं तोंडाला पदर लावला, पण तो हसू दाबायला.

"तुमी म्हंजे ना," विमलताई म्हणाली. "गुळानं दूध फाटते, म्हून कांताबाईनं साखर आनली होती. बायाईले साखरेचा चहा केला मी. मीबी थोच पेली. तुमच्या गंजाचा काळा चहा कोनीच नाही पेला." मग तिनं डबा दुसऱ्या हातात घेतला. "तुमाले दोघाईले देल्ला तेवढाच."

मोहावर एक पानही हललं नाही.

घनश्यामनं याचा विचार केला. बंडी आठवली. टिन आठवलं, आणि न ऐकलेली पहिली हाक. मग तो म्हणाला, "बरं. उतरतो," आणि त्यानं पाय उचलला. पायानं खालची फांदी शोधायला हवी होती. पाय वरच्या फांदीवर जाऊन बसला, सवयीनं बसावा तसा. तिथं वारा बरा लागत होता.

"खाली," विमलताई म्हणाली. "खाली म्हनतो आपन ज्याले, तिकडं."

"आलोच," तो म्हणाला, आणि दोन्ही हातांनी शेंडा धरला. त्याच्या डोळ्यांतलं पाणी हनुवटीवर आलं होतं आणि तिथून सुटायच्या बेतात होतं. तेव्हा त्याला अळी आठवली, आणि तिच्या खालचं पान. "विमल," तो घाईनं म्हणाला, "तू झाडाखालून बाजूले हो. डबा झाक. साऱ्याईनं बाजूले व्हा."

ती पुटपुटत बाजूला झाली, डब्यावर पदर धरून. बाकीचेही सरकले. थेंब पडला तेव्हा खाली नुसता हरभरा होता.

शंकरसिंग मात्र सरकला नव्हता. त्यानं काठी सावकाश खोडाला टेकवून ठेवली.

"थांबा. मी आनतो त्याईले खाली," तो म्हणाला.

"भाऊजी, तुमचा गुडघा," विमलताई म्हणाली.

त्यानं शिडीवर पाय ठेवला. मग दुसरा. गुडघा कुरकुरला नाही, त्याचं तोंड वाकडं झालं नाही. देवाला खाली बोलावणारा माणूस मचाण मागं टाकून पोरासारखा वर येत राहिला. घनश्यामला आधी त्याची टोपी दिसली, मग कपाळ, मग डोळे. ते डोळे घनश्यामकडे पाहत नव्हते. ते त्याच्याही वर, जिथं मोह संपतो तिथं पाहत होते, आणि त्यांत फार समाधान होतं.

शेजारच्या फांदीला घट्ट धरून शंकरसिंगनं एक लांब श्वास सोडला आणि हळूच, खालच्या माणसांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "थोडं सरका, घनश्यामभाऊ. जागा करा मले."